बेभान

‘बेभान’ हा शब्द दोन भाषांच्या संयोगाने बनला आहे. ‘बे’ हा फारसी उपसर्ग; त्याचा अर्थ ‘रहित’. ‘बेफिकीर’, ‘बेइमान’ या शब्दांत तोच आढळतो. ‘भान’ हा शब्द संस्कृत असून ‘भा’, म्हणजे प्रकाशणे, या धातूपासून आला आहे. मनातील जाणिवेचा प्रकाश म्हणजे भान. तो मालवला, की मनुष्य बेभान होतो.

‘बेशुद्ध’ आणि ‘बेभान’ हे समानार्थी शब्द नव्हेत. बेशुद्ध मनुष्यास काही दिसत नाही, की ऐकू येत नाही. बेभान मनुष्याची इंद्रिये जागी असतात, हातपायही दुप्पट वेगाने चालतात. परिणामाचा विचार मात्र उरत नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातील नेसरी येथे घडलेल्या एका प्रसंगावरून या शब्दाचा अर्थ नीट उमगतो. १६७३ साली उमराणीच्या लढाईत शिवाजी महाराजांचे सरसेनापती प्रतापराव गुजर यांनी आदिलशाही सरदार बहलोलखान यास कोंडीत पकडले; पण तो शरण येताच त्यास जाऊ दिले. पुढे खान पुन्हा स्वराज्यावर चालून आला. महाराजांनी प्रतापरावांना पत्राने कडक बोल लावले. ते त्यांच्या जिव्हारी लागले. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी खान नेसरीजवळ आल्याचे कळताच प्रतापरावांनी आपल्या सैन्याची वाट पाहिली नाही. अवघ्या सहा स्वारांनिशी ते त्या प्रचंड फौजेवर तुटून पडले. सातही वीर धारातीर्थी पडले.

या कृत्यास ‘अविचार’ म्हणावे काय? सेनापती पडला, की सैन्य उघडे पडते. त्या दृष्टीने ती चूकच होती. परंतु अविचारी मनुष्य मुळात विचारच करीत नाही. प्रतापरावांचा विचार अपमानाच्या आगीत हरपला होता. हातून घडलेली चूक प्राण देऊनही धुऊन काढावी, ही त्यांची तळमळ होती. म्हणून येथे ‘बेभान’ हाच शब्द योग्य ठरतो. तो दोष झाकीत नाही आणि शौर्यही नाकारीत नाही.

नेसरी येथे या सात वीरांचे स्मारक आहे. कवी कुसुमाग्रजांनी त्यांच्यावर कविता लिहिली. महाराजांनी मात्र हंबीरराव मोहिते यांना सरसेनापती नेमले आणि लढा पुढे चालू ठेवला. वीर क्षणभर बेभान होऊ शकतो. राज्यकर्त्याला दुःखातही भान सोडून चालत नाही.

स्वाध्याय : ‘भानावर येणे’ व ‘देहभान विसरणे’ या वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.