जुने नकाशे कसे वाचावे



पवित्र शास्त्राच्या पुष्कळ प्रतींच्या शेवटीं कांहीं नकाशे बांधलेले असतात. खेडोपाडीं आम्हांस असें दिसून आलें आहे कीं, स्तोत्रांचीं व शुभवर्तमानांचीं पानें बोटांनीं झिजून मऊ झालेलीं असतात, आणि नकाशांचीं पानें मात्र छापखान्यांतून आलीं तशींच करकरीत राहतात. शब्बाथ शाळेचे शिक्षकही तीं उलटून पुढें जातात. नकाशा हें शाळामास्तरांचें काम, उपदेशकाचें नव्हे, अशी समजूत पडून गेली आहे. ह्या पाठांत आम्ही यरुशलेमापासून आरंभ करून तेरणा व मांजरा ह्या नद्यांच्या कांठीं येणार आहों, आणि जुना नकाशा समोर ठेवून त्याला कोणते प्रश्न विचारावे तें सांगणार आहों.

नकाशा शास्त्राला परका नाहीं. यहोशवाच्या पुस्तकाचा १८ वा अध्याय काढा. ज्या सात वंशांस अद्याप वतन मिळालें नव्हतें त्यांतून प्रत्येकीं तीन माणसें निवडलीं गेलीं; तीं देशभर हिंडलीं, नगरांवरून देशाचे सात भाग त्यांनीं एका पुस्तकांत लिहून काढिले, व तें शिलो येथें आणून दिलें. मोजणी आधीं, वांटणी मागाहून. तसेंच यहेज्केलाच्या ४ थ्या अध्यायाच्या आरंभीं संदेष्ट्यास एक वीट घेऊन तिजवर यरुशलेम नगर रेखण्याची आज्ञा झाली आहे. आपल्या वाचकांस हें चमत्कारिक वाटतें; परंतु यहेज्केल बाबेलाच्या मुलखांत बंदिवान होता, आणि त्या मुलखांत ओल्या मातीच्या पाटीवर नकाशे काढण्याची चाल फार जुनी होती. तेथील निप्पुर नगराचा असा एक नकाशा सांपडला आहे. तो ख्रिस्तापूर्वीं हजार वर्षांहून जुना आहे. त्यांत तट, वेशी, कालवा व मंदिर हीं दाखविलीं आहेत, आणि खणून काढलेल्या तटाशीं ताडून पाहतां तो नकाशा बराच बरोबर ठरला. तेव्हां विटेवरचें तें नगर पाहणाऱ्या बंदिवानांस कोड्यासारखें वाटलें नसावें. त्यांच्या डोळ्यांना ती रीत ओळखीची होती.

पवित्र भूमीचा जो सर्वांत जुना नकाशा आज पाहावयास मिळतो तो कागदावर नाहीं, तर एका मंदिराच्या फरशीवर आहे. यार्देनेच्या पूर्वेस मादबा म्हणून गांव आहे. सन १८८० च्या सुमारास करक येथील कांहीं ख्रिस्ती कुळें तेथील ओसाड जागीं वस्तीस आलीं. जुन्या मंदिराच्या पायावर त्यांनीं नवें मंदिर उभारावयास घेतलें, तेव्हां खालीं रंगीत खड्यांची फरशी निघाली, आणि फरशीवर सर्व देश रेखलेला! हें काम इसवी सनाच्या सहाव्या शतकांतलें. बांधकामांत तिचा मोठा भाग नाहींसा झाला ही दुःखाची गोष्ट आहे. पण जें राहिलें तेंही थोडें नाहीं. यार्देनेंतील मासे क्षार समुद्राजवळ येतांच पाठ फिरवून परत वर पोहूं लागलेले दाखविले आहेत. खारट पाण्यांत मासा जगत नाहीं हें कारागिरानें अक्षरांवांचून सांगितलें.

त्याच फरशीवर यरुशलेमच्या उत्तर वेशीच्या आंत एक उंच खांब उभा आहे. तो खांब आज तेथें नाहीं. परंतु अरब लोक त्या वेशीस अजून 'खांबाची वेस' ह्या अर्थाच्या नांवानेंच ओळखतात. दगड गेला, नांव राहिलें. आपल्याकडे कित्येक गांवीं तट नाहीं, दरवाजा नाहीं, तरी लोक "वेशीपाशीं भेटूं" असें म्हणतात. तेंही असेंच आहे. आणखी, सम्राट् जस्टिनियन ह्यानें बांधविलेलें एक मोठें मंदिर त्या नकाशावर आहे. तें भूमीवरून इतकें नाहींसें झालें होतें कीं त्याच्या जागेविषयीं विद्वानांत वाद चाले. सन १९७० नंतर झालेल्या उत्खननांत नकाशानें दाखविलेल्या भागींच त्याचे पाये लागले.

आतां आपल्या मुलखाकडे येऊं. प्रेषितांच्या कृत्यांच्या २७ व्या अध्यायांत पौल एका आलेक्सांद्रियाच्या तारवांत बसून रोमाकडे निघाल्याचें वर्णन आहे. त्याच पहिल्या शतकांत मिसर देशांतून दुसरीं तारवें आपल्या भडोच बंदरास येत असत. अशा प्रवासाची माहिती एका ग्रीक व्यापाऱ्यानें लिहून ठेविली आहे. भडोचेहून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर हें मोठें नगर. तेथून जाडेंभरडें व तलम कापड गाड्यांत भरून बिकट वाटांनीं बंदरास येई, असें तो सांगतो. पुढें सुमारें सन १५० मध्यें टॉलेमी नामक आलेक्सांद्रियाच्या विद्वानानें पृथ्वीच्या नकाशासाठीं ठिकाणांची यादी केली, तींतही पैठण व तगर आहेत. हें तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यांतील तेरणेकांठचें तेर, लातूरच्या शेजारचें. गोरोबा कुंभारांचें तेर तें हेंच.

हा निर्णय सहज झाला नाहीं. कोणी तगर म्हणजे दौलताबाद म्हणे, कोणी जुन्नर. सन १९०१ मध्यें फ्लीट साहेबांनीं तेरचें नांव पुढें केलें, आणि पुढें तेथील पांढरींतून निघालेल्या वस्तूंनीं त्यांस दुजोरा दिला. रोमी धर्तीच्या मातीच्या मूर्ति, शंखाच्या व हस्तिदंताच्या वस्तु तेथें निघाल्या. रामलिंगप्पा लामतुरे ह्यांनीं गोळा केलेला मोठा संग्रह तेर येथील सरकारी संग्रहालयांत आहे. लातूरकडील मंडळ्यांनीं मुलांस एकदां तेथें अवश्य न्यावें. येथें वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. तेर पैठणच्या नीट पूर्वेस नाहीं, आग्नेयेस आहे. टॉलेमीचें तर विचारूंच नये. त्यानें हिंदुस्थानचें दक्षिण टोंक दाबून सपाट केलें व लंका अवाढव्य केली. त्यानें हा देश पाहिला नव्हता. खलाशी व व्यापारी सांगत तें तो मांडी. म्हणून त्याचा नकाशा टाकून द्यावयाचा नाहीं. कापूस कोठून येई व कोणाच्या कानापर्यंत आपल्या गांवाचें नांव पोंचलें होतें, हें त्याच्यावांचून आपणांस कळलें नसतें. खुद्द लातूर बहुतेक अभ्यासकांच्या मतें राष्ट्रकूट राजांच्या लेखांतील लट्टलूर होय. ते राजे स्वतःस त्या नगराचे स्वामी म्हणवीत.

राज्यांच्या सीमांविषयीं फार लिहीत नाहीं. सीमेचे रंग सर्वांत लौकर विटतात. सन १७६० मध्यें उदगीर येथें पेशव्यांच्या फौजेनें निजामास हरविलें, आणि रेषा सरकली. १८५३ ते १८६० ह्या सात वर्षांत धाराशिव-नळदुर्गाचा भाग इंग्रजांकडे होता; त्या सालांचा नकाशा हातीं आला तर तो रंग पाहून गोंधळूं नये. १९४८ मध्यें निजामाचें राज्य गेलें. उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यांत होते. मग ते इकडे आले व बिदर म्हैसूर राज्यांत गेलें. लातूर जिल्हा १९८२ सालचा. ज्या घरांतील सोयरीक भालकी-बिदरकडे आहे त्यांनीं ही रेषा नकाशावर पाहण्याआधींच अनुभविली आहे.

मोजणीचा खरा इतिहास रंगांत नसून रेघांत आहे. सन १८०२ मध्यें मद्रासजवळ विल्यम लॅम्बटन ह्यांनीं एक मोठी मोजणी आरंभिली. तिची युक्ति अशी: सपाट जमिनीवर कांहीं मैलांची एक रेषा साखळीनें अत्यंत काळजीनें मोजावयाची, मग तिच्या दोन्ही टोंकांवरून दूरच्या एका टेकडीकडे पाहून कोन घ्यावयाचे. एक बाजू व दोन कोन ठाऊक झाले कीं त्रिकोणाच्या उरलेल्या बाजू चालून न जातां गणितानें निघतात. त्या नव्या बाजूवर दुसरा त्रिकोण, त्यावर तिसरा. कोन मोजण्याचें यंत्र सुमारें अर्ध्या टनाचें होतें, आणि तें टेकड्यांवर व देवळांच्या शिखरांवर चढवावें लागे. ही त्रिकोणांची सांखळी बिदरच्या बाजूनें उत्तरेकडे गेली. बिदरजवळ दामरगिद्दा येथें १८१५ सालीं एक नवी पायारेषा मोजली गेली. लॅम्बटन २० जानेवारी १८२३ रोजीं वर्धा जिल्ह्यांतील हिंगणघाट येथें कामावर असतांच मरण पावले. त्यांची कबर तेथें आहे.

परंतु टेकडीवरून गांवाची शिव दिसत नाहीं. शिवेचा दगड कोणता, ओढ्याचें जुनें पात्र कोणतें, बांध कोणी कधीं सरकविला, हें यंत्राला सांगतां येत नाहीं; तें गांवच्या माणसानेंच सांगावें लागतें. आणि तें सांगणारा कोण होता? जुन्या गांवगाड्यांत शिवेची साक्ष महाराची. तंटा पडला म्हणजे पाटील-कुळकर्ण्यांपेक्षां त्याचा शब्द मानला जाई; शिवेवरून पुढें तो चाले व मागून पंच चालत. ह्या पत्राच्या पुष्कळ वाचकांचे आजे-पणजे असे पुढें चाललेले आहेत. शेजाऱ्याची सीमा सरकवूं नये, असें अनुवादाच्या १९ व्या अध्यायांत सांगितलें आहे. ती आज्ञा कानीं पडण्यापूर्वींच त्यांच्या हातून ती पाळविली जात होती. गांवनकाशावर मोजणीदाराची सही असते. वाट दाखविणाऱ्याचें नांव नसतें.

त्याच नकाशावर त्यांची वस्ती पाहावी. गांवठाणाची रेघ कोठें आहे, व वस्ती तिच्या आंत आहे कीं बाहेर? विहिरी किती, आणि वस्तीच्या सर्वांत जवळची विहीर कोणती? तिचें पाणी कोणास मिळे हें नकाशा सांगणार नाहीं, परंतु अंतर सांगेल. सन २०२० मध्यें महाराष्ट्र सरकारनें वस्त्यांचीं जातिवाचक नांवें बदलण्याचें ठरविलें तें योग्यच झालें. तरी जुना नकाशा ह्या कारणानें कोणी फाडून टाकूं नये असें आम्हांस वाटतें; कोणास कोठें राहावें लागत होतें त्याचा तो पुरावा आहे.

महसुली दप्तरांत 'बेचिराख' असा एक शब्द भेटतो. ज्या गांवास शिव आहे, जमीन आहे, सारा आहे, पण वस्ती नाहीं, त्यास तसें म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ दिवा नसलेलें. शेतांत पांढरी माती व खापरांचे तुकडे लागूं लागले म्हणजे जुनी माणसें सांगतात कीं येथें गांव होतें.

असें गांव होतांना आपल्या पिढीनें पाहिलें आहे. ता. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं किल्लारीच्या परिसरांत धरणीकंप झाला. आदल्या रात्रीं गणपतींचें विसर्जन होऊन लोक नुकते निजले होते. दगडमातीच्या जाड भिंती अंगावर आल्या. सुमारें दहा हजार माणसें मेलीं. पुढें लातूर व धाराशिव जिल्ह्यांतील ५२ गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं.

ह्या ठिकाणीं एका नकाशाची गोष्ट सांगणें भाग आहे. धरणीकंपाच्या भयाप्रमाणें सर्व देशाचे पांच पट्टे पाडलेला एक नकाशा तेव्हां प्रमाण मानला जात असे. त्यांत आपला भाग पहिल्या, म्हणजे सर्वांत निर्भय, पट्ट्यांत होता. १९९२ सालीं किल्लारीकडे बारीक धक्के बसत होते व लोक घाबरले होते. पण त्या नकाशाकडे पाहणारास भय दिसत नव्हतें. नकाशा कोणी कपटानें काढिला नव्हता. पूर्वीं जेथें धक्क्यांची नोंद झाली होती तेथें तेथें रंग चढविला गेला. जेथें नोंद नव्हती ती जागा फिकी राहिली, आणि फिकी जागा म्हणजे सुरक्षित जागा असें ती वाचली गेली. सन २००२ मध्यें तो नकाशा बदलला. पहिला पट्टा अजीबात काढून टाकण्यांत आला व किल्लारीचा परिसर तिसऱ्यांत गेला.

नवीं गांवें आंखणी करून बांधलीं आहेत. रस्ते सरळ, घरें एकसारखीं. जुन्या गल्ल्यांची वांकडी रेघ कोठल्या चुलत्याच्या ओट्याला वळसा घालून जाई, हें आतां केवळ माणसांच्या ध्यानांत आहे. त्या रात्रीं वीस वर्षांचा असलेला मनुष्य आज पन्नाशी ओलांडून गेला आहे. ह्यास्तव त्या भागांतील उपदेशक बंधूंस आमची विनंति अशी: तालुक्याच्या भूमि अभिलेख कचेरींत गांवनकाशाची नक्कल मागावी, ती अर्ज व फी दिल्यानें मिळते. निजामकाळचें दप्तर पुष्कळसें उर्दूंत आहे. तें वाचणारा वृद्ध शेजारच्या गांवीं असेल तर त्याजकडे जावें, व मानानें जावें. मग एका मोठ्या कागदावर गांवठाण रेखून तो आधीं वृद्ध बायांपुढें ठेवावा, कारण पाणी त्यांनीं आणिलें आहे व वाटा त्यांस ठाऊक आहेत. विहीर, चावडी, प्रार्थनेची जागा, ख्रिस्ती जनांच्या कबरी, शिवेचा दगड, हीं त्यांजकडून बोट ठेववून मुलांच्या हातीं भरवावीं. जेथें दोघांचें एकमत होत नाहीं तेथें दोन्ही म्हणणीं लिहावीं. कागदाच्या कोपऱ्यांत तारीख घालावी, आणि सांगणाऱ्यांचीं सर्वांचीं नांवें लिहावीं. सरकारी नकलेवर मात्र शाईनें कांहीं लिहूं नये. ती घडी न पाडतां गुंडाळून, उंदीर-वाळवीपासून दूर, मंडळीच्या दप्तरांत ठेवावी.