आपल्या परिसरातील वन्य सस्तन प्राणी : निरीक्षण, छायाचित्रण आणि नोंद

ज्याची नोंद नाही त्याचे अस्तित्व नाकारणे सोपे असते, हा इतिहासाचा धडा आहे. तो माणसांच्या समूहांना लागू आहे, तसाच आपल्या डोंगरातील मुक्या जीवांनाही. १९८६ साली घोषित झालेले गौताळा-औट्रमघाट अभयारण्य कन्नडच्या बाजूस आहे. परंतु खुलताबाद, वेरूळ, म्हैसमाळ भागातील माळराने व शेतशिवारे यांतही वन्यप्राणी वावरतात. त्यांची नोंद कोण ठेवणार?

सम्राट अशोकाने राज्याभिषेकानंतर २६ वर्षांनी कोरविलेल्या पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची यादीच दिली आहे. तीत ‘जतुका’ म्हणजे वटवाघूळही आहे. विनाकारण अरण्य जाळू नये, अशी आज्ञाही तेथे आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही प्राण्यांची नावे अनुसूचींत नमूद केली. ज्याचे रक्षण करावयाचे, त्याचे नाव आधी लिहावे लागते.

कॅमेऱ्यानेही हेच कार्य केले. जॉर्ज शिरास यांनी रात्री टिपलेली वन्यप्राण्यांची छायाचित्रे १९०६ मध्ये ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकात प्रसिद्ध झाली. भारतात वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी १९२० च्या दशकात वाटेवर तार ताणून, प्राण्याच्याच पावलाने कॅमेरा चालेल अशी योजना केली. आजचा कॅमेरा ट्रॅप याच तत्त्वाचा वारसदार होय.

प्रत्यक्ष प्राण्यापूर्वी त्याच्या खुणा वाचावयास शिका. बिबट्याच्या ठशात सहसा नखे उमटत नाहीत. कुत्रा, लांडगा व तरस यांच्या ठशांत ती उमटतात. तरसाचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा मोठा असतो आणि हाडे खाल्ल्यामुळे त्याची विष्ठा वाळल्यावर पांढरी दिसते. रोही (नीलगाय) ठरावीक जागी लेंड्यांचा ढीग करते. सायाळ काटे टाकून जाते. ठशाचे छायाचित्र घेताना शेजारी पेन ठेवावा, म्हणजे आकार कळतो.

या ज्ञानाचे मोल मोठे आहे. कुत्र्याचा ठसा बिबट्याचा समजला गेला की गावात घबराट पसरते, आणि भीतीपोटी निरपराध प्राणी मारला जातो. तरस तर मुख्यतः मेलेली जनावरे खाऊन शिवार स्वच्छ ठेवतो. तरीही अपसमजाचा बळी ठरतो. उलट, रोही वा रानडुकरांनी पीक तुडविले असता तारखेसह घेतलेले छायाचित्र शेतकऱ्याला पंचनाम्याच्या वेळी उपयोगी पडते.

छायाचित्रणाची शिस्त अशी : पहाटे किंवा सायंकाळी, मोठ्यांच्या सोबतीने जावे. वारा प्राण्याकडून आपल्याकडे वाहत असावा. प्राण्याने मान वर करून पाहिले की तेथेच थांबावे. तो पळाला, तर आपण फार जवळ गेलो असे समजावे. गुहेत वा बिळाशी फ्लॅश वापरू नये, पिलांजवळ जाऊ नये, खाद्याचे आमिष दाखवू नये. मोबाईलच्या छायाचित्रात ठिकाणाची माहिती साठविली जाऊ शकते. म्हणून बिळाचे वा गुहेचे छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकू नये. ते शिकाऱ्यालाही वाट दाखविते.

महागडा कॅमेरा नसला तरी अडत नाही. एक वही घ्या. दिनांक, वेळ, शिवार, प्राणी, संख्या, खूण आणि अंतर असे सात रकाने आखा. खात्री नसेल तेथे ‘अनिश्चित’ असे प्रामाणिकपणे लिहा. पाच वर्षे चाललेली अशी वही कोणता प्राणी टिकला आणि कोणता दिसेनासा झाला, हे सांगू लागेल. तो आपल्या भूमीचा इतिहास असेल, आणि तो तुम्ही लिहिलेला असेल.