कंपनी बदलण्याआधी

ठाणे,
रविवार

चि. ओंकार यास,


तुझा मेसेज पोचला. नेट रडतंय, मृणालच्या मीटिंगमध्ये समोरच्यांचे चेहरे गोठतात, म्हणून कंपनी बदलतोस. नव्या कंपनीला वर्षाचे पैसे एकरकमी दिले तर दोन महिने फुकट, म्हणून उद्याच भरतोस. फोनवर समजावलं असतं तर तू "हो मामा, हो मामा" करत शेवटी तेच केलं असतंस, म्हणून लिहायला बसलो. पैसे इतक्यात भरू नकोस. टेलिफोनच्या लाइनीवर ज्याने सगळी नोकरी काढली त्याला एक सवय लागते: तारेला हात लावण्याआधी फॉल्ट कोणत्या टप्प्यात आहे ते शोधायचं.

नेटच्या बाबतीत तुमचा सानपाडा तसा नशीबवान. ठाणे-बेलापूर रस्त्यालगत ऐरोली, रबाळे, महाप्याला देशातली मोठमोठी डेटा सेंटरं उभी आहेत. जिओचा अवाढव्य कॅम्पस घणसोलीला आहे. समुद्राखालून परदेशातून येणाऱ्या बऱ्याच केबली मुंबईच्या किनाऱ्याला लागतात. तेव्हा तुमच्या मोराज सर्कलपर्यंत नेट धो धो येतंय असं धरून चाल. अडतं ते त्यापुढे. रस्त्यावरून बिल्डिंगमध्ये, डक्टमधून तुझ्या मजल्यावर आणि मग दारातून बेडरूममध्ये. यातल्या शेवटच्या टप्प्यात खोट असेल तर चार कंपन्या बदलूनही मृणालची मीटिंग गोठणारच.

म्हणून आज रात्री नऊच्या सुमारास, सगळी बिल्डिंग नेटवर बसलेली असते तेव्हा, एवढं कर. लॅपटॉप बेडरूममध्ये, मृणाल जिथे बसते तिथेच ठेव. कमांड प्रॉम्प्ट उघडून आधी राउटरला पिंग कर, म्हणजे ping लिहून पुढे त्याचा पत्ता टाक. त्याचा पत्ता राउटरच्या बुडाला चिकटवलेला असतो, बहुतेकदा १९२.१६८.१.१ किंवा तसलाच काहीतरी. उत्तर दोन-पाच मिलिसेकंदांत यायला हवं. तिथेच आकडा शंभर-दोनशेवर उड्या मारत असेल किंवा उत्तर मधूनच गायब होत असेल, तर गडबड तुझ्या घरातल्या वायफायची आहे, कंपनीचा काही दोष नाही. राउटरपर्यंत सगळं ठीक असेल तर वायफाय बंद करून लॅनची वायर लाव आणि गुगलच्या ८.८.८.८ ला पिंग कर. मुंबई परिसरातून ते उत्तर दहाच्या आत यायला हरकत नाही. रात्री तो आकडा चढत असेल आणि पहाटे उतरत असेल, तर मात्र कंपनीने तुझ्या भागात गिऱ्हाइकं जास्त आणि क्षमता कमी ठेवली आहे असं समज.

स्पीड टेस्टवर फार विसंबू नकोस. तक्रार केली की येणारा मुलगा राउटरच्या शेजारी उभा राहतो, मोबाइलवर टेस्ट लावतो आणि अठ्ठ्याण्णवचा आकडा दाखवून सही घेऊन जातो. ती टेस्ट बऱ्याचदा कंपनीच्याच जाळ्यातल्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत येते. बाहेरची वाट तुंबलीय की नाही, ते त्यात कळत नाही. आणि आकडा वाचताना लक्षात ठेव, शंभर एमबीपीएसच्या लाइनीवर फाइल उतरताना सेकंदाला साडेबारा एमबीच दिसतात, कारण आठ बिटांची एक बाइट. यावरून कस्टमर केअरशी भांडून लोकांनी रविवार घालवलेले मी पाहिले आहेत.

मला विचारशील तर तुझं दुखणं घरातलंच असावं. तुझ्या हॉलचा फोटो मी पाहिलाय. राउटर टीव्ही युनिटच्या खणात, सेट-टॉप बॉक्सच्या मागे कोंबलेला. तिथून बेडरूमपर्यंत मध्ये फ्रीज, स्वयंपाकघराची भिंत, काँक्रीटचा कॉलम आणि आरशाचं कपाट. वायफायचे दोन पट्टे असतात. पाच गिगाहर्ट्‌झचा वेगवान, पण भिंतीला हरतो. अडीचचा (खरं तर २.४ चा) भिंतीतून जातो, पण त्यात एकमेकांना न घासणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि तुमच्या विंगमधला प्रत्येक राउटर त्या तिघांवरच गर्दी करून बसलेला. राउटर खणातून काढून पॅसेजच्या तोंडाशी, डोक्याच्या उंचीवर भिंतीला लाव. तेवढ्याने भागलं नाही तर मृणालच्या टेबलापर्यंत लॅनची एक वायर ओढून घे. पट्टी मारून स्कर्टिंगच्या कडेने नेली की दिसतही नाही. महागडे एक्स्टेंडर घेण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं.

आता बाहेरची तार. बिल्डिंगमध्ये फायबर आलंय म्हणून घरात आलंय असं नसतं. केबलवाल्यांकडे पुष्कळदा फायबर गच्चीपर्यंत किंवा जिन्यातल्या डब्यापर्यंत येतं, पुढे साधी लॅन केबल. तो डबा जिन्याच्या विजेवर चालतो. पावसात त्यात पाणी शिरलं, किंवा कुणी मेन बंद केला, की तुझ्या घरात लाइट असूनही नेट बंद. वर त्या केबलच्या आठांपैकी चारच तारा जोडलेल्या असल्या, की शंभरच्या पुढे ती जातच नाही. मग तू तीनशेचं पॅकेज घे नाहीतर पाचशेचं. खरं फायबर थेट तुझ्या घरातल्या पांढऱ्या डब्यात, ओएनटीत, शिरतं. त्याच्या टोकाला हिरवं हेड असतं. ती बारीक वायर दाराच्या फटीत चेमटू देऊ नकोस, सुताराला तिच्यावर खिळे मारू देऊ नकोस, कोपऱ्यात काटकोनात वळवू नकोस. आमच्या तांब्याच्या जोडीला पावसाळ्यात खरखर लागायची. फायबरला ओल बाधत नाही, पण वाकवलं तर उजेड गळतो. टेक्निशियनकडे पॉवर मीटर असतो, त्याला "पॉवर किती येतेय" एवढं विचार. उणे अठरा ते उणे चोवीस म्हणाला तर उत्तम, उणे सत्तावीसच्या खाली गेला असेल तर वायर नाहीतर जोड बदलून घेतल्याशिवाय त्याला सोडू नकोस. हा प्रश्न विचारणाऱ्या गिऱ्हाइकाशी तो वेगळ्या सुरात बोलतो, बघ.

हे सगळं करूनही नेट रडलंच, तर खुशाल बदल. पण जाहिरात बघून नको. आधी वॉचमनला विचार, तुमच्या डक्टमध्ये कुणाकुणाचे डबे आहेत. मग तुझ्याच विंगमधल्या दोन-तीन घरी जा आणि एकच चौकशी कर: जुलैत नेट किती दिवस बंद होतं आणि दुरुस्तीला कोण आलं? दुसऱ्या सेक्टरमधल्या मित्राचा अनुभव तुला उपयोगाचा नाही, त्याच्या बिल्डिंगची तार वेगळी. मोठ्या कंपनीचं ॲप छान, बिल चोख, पण माणूस येईल तेव्हा खरा. केबलवाला रविवारी रात्री स्कूटरवर येऊन जोड मारून जातो, मात्र त्याच्याकडे पावती मागितली की तोंड वाकडं करतो. माझं मत विचारशील तर घरापर्यंत फायबर देईल तो पहिला, आणि तसे दोन निघाले तर ज्याचा माणूस लवकर येतो तो. जुन्या चार मजली बिल्डिंगीत डक्टच नसेल आणि सोसायटी तार ओढू देत नसेल, तर फाइव्ह जीवरचं घरगुती नेट आहे. संध्याकाळी ते डुलतं, पण अडल्या वेळी चालतं. एकाच कंपनीशी करार करून बाकीच्यांना दार बंद करणाऱ्या सोसायट्या असतात. तुमची तशी असेल तर वार्षिक सभेत विषय काढ. दूरसंचार नियामक ट्रायने २०२४ मध्ये इमारतींना नेटच्या सोयींवरून मानांकन देण्याचे नियम केले आहेत. फ्लॅटच्या भावाशी त्याचा संबंध लागेल हे चेअरमनला ऐकवलंस तर तो कान टवकारेल.

वेग किती घ्यायचा? तुम्ही दोघं. चांगला व्हिडिओ कॉल तीन-चार एमबीपीएसमध्ये बसतो, फोर-के सिनेमा पंधरा-वीसमध्ये. शंभर म्हणजे चैन. अपलोडही तेवढाच आहे ना, ते मात्र विचार. मृणालचा चेहरा पलीकडे पोचतो तो अपलोडवर. जाहिरातीतल्या किमतीवर अठरा टक्के जीएसटी लागतो, ३९९ चे ४७१ होतात, तो धरून हिशेब कर. "अप टू" या शब्दांवर भांडण जिंकता येत नाही. सरकारच्या लेखी २००४ साली २५६ केबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड होतं आणि जानेवारी २०२३ पासूनही किमान २ एमबीपीएसच. म्हणून पहिले दोन-तीन महिने दरमहा भर. दोन महिने फुकट मिळवायला बारा महिने अडकून पडू नकोस. जुनं कनेक्शन नवं नीट चालेपर्यंत तोडू नकोस.

तक्रार करायची ती कस्टमर केअरकडे आणि डॉकेट नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. मुदतीत काम झालं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर त्याच कंपनीच्या अपिलेट ॲथॉरिटीकडे तीस दिवसांच्या आत अपील करता येतं. पैसे पडत नाहीत आणि ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. ट्रायचा २०१२ पासूनचा नियम आहे हा, पण डॉकेट नंबर नसला तर कुणी दारात उभं करत नाही.

जुना राउटर परत देताना बुडाच्या सीरियल नंबरचा फोटो काढ आणि नेणाऱ्या माणसाकडून पावती किंवा निदान मेसेज घे. नाहीतर महिन्या-दोन महिन्यांनी "डिव्हाइस मिळालं नाही, दोन हजार भरा" असा फोन येतो आणि नेणारा मुलगा तोवर नोकरी सोडून गेलेला असतो.

ताईला नमस्कार, मृणालला आशीर्वाद. रात्रीचे पिंगचे आकडे पाठव, मी जागा असतो.

तुझा,
मामा