सही करण्याआधी

सावेडी, अहिल्यानगर

चि. ओंकार,


क्रिकेटची डिजिटल कार्डं घेतल्याचं तू फोनवर सांगितलंस. दादाला हा छंद पटत नाही, पण मी त्यात पडत नाही. शिकवणीच्या पैशांतून घेतलीस, तुझी वस्तू आहे. ती राखायची कशी, एवढ्यासाठीच हे पत्र.

४ ऑक्टोबर २०२३ ला रिझर्व्ह बँकेने आपल्या नगर अर्बन बँकेचा परवाना रद्द केला, तेव्हा ठेवीदारांचे हाल तू पाहिलेस. तरी तिथे पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा होता, दाद मागायला जागा होती. तू ती कार्डं ठेवतोस त्या डिजिटल वॉलेटला तसा विमा नाही. ब्लॉकचेनवरचा व्यवहार एकदा झाला की कोणताही मॅनेजर तो फिरवू शकत नाही.

आणि चोर बहुतेक वेळा तुझ्याच हातून काम करून घेतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘ओपनसी’ या डिजिटल वस्तूंच्या बाजारात लोकांना विक्रीला लावलेल्या वस्तूंची यादी नव्या करारावर (स्मार्ट कॉन्ट्रॅक्टवर) हलवायची होती. त्याच धांदलीत भामट्यांनी काही जणांकडून अर्धवट भरलेल्या करारावर सह्या घेतल्या, उरलेला मजकूर स्वतः भरला आणि लाखो डॉलरची टोकन नेली. मी पतसंस्थेत कर्जाची कागदपत्रं हाताळत आले. कोऱ्या स्टँपपेपरवर सही करणाऱ्याचं जे होतं, तेच हे. म्हणून वॉलेट सही मागेल तेव्हा काय देतोयस ते वाच. ‘सगळ्या वस्तूंची परवानगी’ मागितली तर थांब. मोठ्यांचीही इथे फसगत झाली आहे: १८ जुलै २०२४ ला मुंबईच्या ‘वझीरएक्स’ या क्रिप्टो एक्स्चेंजचे सुमारे २३ कोटी डॉलर गेले. तिथे एका व्यवहाराला अनेकांच्या सह्या लागत. पडद्यावर दिसलं एक आणि सही झाली दुसऱ्यावरच, असं कंपनीनेच सांगितलं. त्यामुळे महागाचं कार्ड वेगळ्या वॉलेटमध्ये ठेव आणि ते वॉलेट कुठल्याही साइटला जोडूच नकोस. रोजच्या उलाढालीला दुसरं वापर.

वॉलेट परत उघडून देणारे ते बारा गुप्त शब्द (सीड फ्रेज) कागदावर लिही. फोटो नको, व्हॉट्सॲप नको, ड्राइव्हही नको. आणि मदतीला आलेल्यालाही सांगू नकोस. पुण्यात बिटकॉइन घोटाळ्याच्या तपासात पोलिसांनी तज्ज्ञ म्हणून घेतलेल्या दोघांना, आरोपींच्याच वॉलेटमधलं चलन वळवल्याच्या आरोपावरून मार्च २०२२ मध्ये अटक झाली. मग टेलिग्रामवर आपणहून ‘सपोर्टमधून बोलतोय’ म्हणणाऱ्याची काय कथा! न मागता वॉलेटमध्ये आलेल्या फुकट कार्डालाही हात लावू नकोस. त्यावरची लिंक बहुधा सापळा असते.

एवढं करूनही काही गेलंच, तर लाजून गप्प बसू नकोस. उरलेलं लगेच नव्या वॉलेटमध्ये हलव, १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन कर, व्यवहाराचा क्रमांक आणि स्क्रीनशॉट जपून ठेव. ‘पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा’ म्हणणारे मागोमाग येतात. त्यांना दारातही उभं करू नकोस.

शनिवारी लोणीहून इकडे येच. आजवर दिलेल्या परवानग्या दोघं बसून तपासू, नको त्या रद्द करू. शब्दांचा कागद मात्र आणू नकोस, मलाही तो दाखवायचा नाही.

तुझी,
आत्या