पावसाळ्यात भुईमुगाच्या शेंगांची साठवण

मुळशी तालुका मुख्यतः भाताचा. तथापि ज्या खाचरांस भात निघाल्यानंतर पाणी मिळू शकते तेथे उन्हाळी भुईमूग घेता येतो. अडचण ही की, हे पीक मे महिन्याच्या अखेरीस काढणीस येते व त्या वेळी मृगाचा पाऊस दाराशी असतो. शेंगा घाईने तोडून अर्धवट ओल्याच पोत्यांत भरल्या, तर पुढील चार महिने ताम्हिणीकडील दमट हवा त्यांना सुकू देत नाही. पोते उघडताच कुबट वास येतो व दाण्यांवर हिरवट-पिवळी बुरशी दिसते.

ह्या बुरशीने केवळ चव बिघडते, हा समज चुकीचा आहे. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. त्यांच्या खाद्यातील, ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीत दोष सापडला. ॲस्परजिलस फ्लेव्हस ह्या बुरशीच्या त्या विषास पुढे अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. ते यकृतास अपाय करते. दीर्घकाळ पोटात जात राहिल्यास यकृताचा कर्करोग संभवतो. १९७४ साली राजस्थान व गुजरातच्या आदिवासी भागांत बुरशी चढलेला मका खाल्ल्याने शंभरावर माणसे दगावली. धान्य निराळे, विष तेच. भाजल्याने वा शिजविल्याने ते पुरते नाहीसे होत नाही.

बुरशीस ऊब व ओल दोन्ही लागतात. ऊब आपल्या हाती नाही, ओल आहे. दाण्यांतील ओलावा शेकडा ७ च्या आत आला की बुरशीची वाढ थांबते. मात्र पोत्याच्या एका कोपऱ्यास जमिनीची ओल लागली, तर तेथील बुरशी वाढताना स्वतःच उष्णता व पाणी निर्माण करते आणि शेजारच्या शेंगाही ओलावतात. म्हणूनच वरून चांगले दिसणारे पोते आत खराब निघते.

शेंगा पातळ थरात पसरून, वरचेवर हलवून, चार-पाच कडक उन्हे द्यावीत. रात्री ताडपत्रीने झाकाव्यात. शेंग कानाशी हलविता दाणे खुळखुळले व दाणा चोळता साल सुटली, म्हणजे वाळवण पुरी झाली असे समजावे. फुटक्या व किडक्या शेंगा आधीच वेगळ्या काढाव्यात, कारण बुरशी प्रथम तेथेच शिरते. दाणे फोडून ठेवू नयेत. टरफल हेच त्यांचे पहिले संरक्षण होय. पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचावीत. ओल्या शेंगा प्लॅस्टिकच्या पोत्यात मुळीच भरू नयेत.

पूर्वी चुलीवरच्या माळ्यावर बियाणे कोरडे राही. आता अनेक घरांत गॅस आला, चूल थंडावली. माळा मात्र साठवणीसाठी तसाच वापरला जातो. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा फरक घरोघरी, विशेषतः गृहिणींस, समजावून द्यावा.

पुढील प्रक्रियेस जाणाऱ्या दाण्यांत किलोमागे १५ मायक्रोग्रॅम, म्हणजे टनामागे अवघे १५ मिलिग्रॅम, एवढीच ह्या विषाची कायदेशीर मर्यादा आहे. मूठभर खराब दाण्यांनी सारे पोते नापास होऊ शकते. निवडलेले बुरशीचे दाणे घाण्यास देऊ नयेत, कारण विष बहुतांशी पेंडीत उतरते. पेंडीतून ते गाईम्हशींच्या पोटात व तेथून काही अंशी दुधात येते. असे दाणे कोंबड्यांसही न टाकता खोल पुरावेत.