मोबाईलवरची चक्री

एके दिवशी दिवेलागणीला आमच्या वडूजच्या घरी एक शेतकरी आला. तो आमचा जुना विद्यार्थी. चौथीत असताना पाढे घडाघडा म्हणायचा. ओट्यावर बसला, पाणी प्याला, पण काही बोलेना. मग खिशातून मोबाईल काढून त्याने आमच्यापुढे धरला आणि म्हणाला, "गुर्जी, ह्यो खेळ खरा हाय का खोटा, तेवढं बघून सांगा."

पडद्यावर एक रंगीत चक्री होती. तिच्यावर आकडे होते. चक्री फिरते. एक गोळी उड्या मारत जाते आणि एका आकड्यावर थांबते. त्या आकड्यावर तुम्ही पैसे लावले असतील, तर जिंकलात. नसतील, तर गेले. अशा खेळांच्या जुगारघराला कॅसिनो म्हणतात. गोव्यात पणजीला मांडवी नदीत बोटींवर असे कॅसिनो आहेत. या गड्याने ते खिशात घालून गावात आणले होते.

बटाट्याचे पैसे हातात आले, तेव्हा त्याने खेळ सुरू केला. पहिल्यांदा ५०० रुपये लावले. त्याचे ९०० झाले आणि ते खरोखर बँकेत जमाही झाले. मग ५,००० लावले. दोन महिन्यांत ६२,००० रुपये गेले. घरी अजून सांगितलेले नव्हते. बायकोची समजूत अशी, की पैसे सोसायटीत भरले.

आम्ही विचारले, "खेळ खरा की खोटा, हे कळून तू काय करणार?"

तो म्हणाला, "खोटा असंल तर तक्रार करतो. खरा असंल तर आणि थोडं लावतो. गेल्यालं निघंल."

मंडळी, हे ऐकून आम्ही दचकलो. कारण खेळ खरा निघाला असता, तर त्याचे जास्तच नुकसान होणार होते. ते कसे, हे त्याला आम्ही कागदावर दाखवले. तेच तुम्हांलाही दाखवतो. कागद-पेन्सिल घ्या.

आधी मटक्याचे उदाहरण घेऊ. मटका आपल्या भागात म्हाताऱ्या माणसांना चांगला ठाऊक आहे. त्याची सुरुवात कापसाच्या भावावरून झाली. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात भाव किती उघडला आणि किती बंद झाला, हे तारेने मुंबईला कळे. त्या आकड्यांवर लोक पैसे लावत. ओपन आणि क्लोज हे शब्द तिथलेच. १९६१ साली न्यूयॉर्कहून ते भाव येणे थांबले. मग आकड्यांच्या चिठ्ठ्या मडक्यात टाकून एक काढू लागले. मडके म्हणजे मटका. १९६२ साली कल्याणजी भगत यांनी वरळीचा मटका सुरू केला. १९६४ साली रतन खत्री यांनी आपला निराळा मटका काढला. त्यात पत्ते ओढून आकडा ठरे.

आता हिशेब पाहा. शून्य ते नऊ असे दहा आकडे. तुमचा आकडा लागला, तर एका रुपयाला नऊ रुपये मिळत. सर्वसाधारण भाव हाच होता. समजा, तुम्ही दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावला. दहा रुपये गेले. एक आकडा तर लागणारच. नऊ रुपये आले. उरलेला रुपया मटकेवाल्याचा. त्याने चिठ्ठी अगदी डोळे बांधून, देवासमोर काढली, तरी तो रुपया त्याचाच.

जिंकलेले पैसे माणूस घरी नेत नाही, परत लावतो. म्हणून पुढची बेरीज-वजाबाकी करा. १०० रुपये लावले, सरासरीने ९० परत आले. ते ९० लावले, ८१ आले. मग ७३. मग ६६. मग ५९. मग ५३. सातव्या वेळी ४८. अर्ध्याहून जास्त रक्कम गेली आणि लबाडी कोणी केली नाही. एखाद्याला मध्येच मोठा आकडा लागतो, हे खरे आहे. त्याचीच गोष्ट चावडीवर चार दिवस चालते. बाकीचे गप्प बसतात.

चक्रीचेही तसेच. तिच्यावर शून्यापासून छत्तीसपर्यंत ३७ खाने असतात. तुमचा खाना लागला, तर लावलेला रुपया आणि वर ३५, असे ३६ मिळतात. सगळ्या खान्यांवर रुपया ठेवला, तर ३७ जातात, ३६ येतात. एक रुपया कॅसिनोचा. म्हणजे मटक्यापेक्षा ही चक्री कमी कापते. आमच्या विद्यार्थ्याला हे ऐकून बरे वाटले. म्हणाला, "मग हे मटक्यापरास बरं की!"

थांब, म्हटले. मटक्याचे आकडे दिवसातून दोनदा निघायचे. तुझी चक्री मिनिटाला एकदा फिरते. तासात ६० फेरे. दर फेऱ्याला १०० रुपये लावलेस, तर तासात ६,००० लावलेस. त्याला ३७ ने भाग. १६२ रुपये. इतके सरासरीने दर तासाला जातात. रोज रात्री तीन तास खेळलास, तर दोन महिन्यांत २९,००० च्या वर गेले. हे सरळ, प्रामाणिक चक्रीचे सांगतो आहे.

"पण माझं तर बासष्ट गेलं," तो म्हणाला.

तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. हरला, की तो पुढचा डाव दुप्पट करी. लाल किंवा काळ्या रंगावर १०० लावले, गेले. मग २००. मग ४००. त्याला वाटे, कधीतरी आपला रंग येईलच आणि मागचे सगळे भरून निघेल. सलग सात वेळा हरला, की १२,७०० रुपये गेले. आठव्या वेळी १२,८०० लावायचे आणि जिंकला, तर एकूण कमाई फक्त १०० रुपये! एवढी रक्कम आपल्या खिशात कधी असते? खेळवणाऱ्याच्या खिशात असते.

आता लबाडीकडे वळू. ती होतच नाही, असे नाही. जत्रेत तीन पत्त्यांतली राणी ओळखायला लावणारा माणूस तुम्ही पाहिला असेल. पहिला जो जिंकतो, तो त्याचाच साथीदार असतो. आम्हीही विशीत एकदा बारा रुपये त्यात घालवले. घरी सांगितले, पाकीट मारले!

जत्रेत निदान तो माणूस समोर असतो. मोबाईलवरची चक्री मुळात चक्रीच नसते. ते चित्र असते. आकडा संगणक ठरवतो आणि मग गोळी तिथे थांबलेली दाखवतो. काही देशांत अशा खेळाला सरकारी परवाना लागतो. संगणक आकडे सरळ काढतो की नाही, हे तिऱ्हाईत तज्ज्ञ तपासतात. तिथेसुद्धा फसवणूक झालेली आहे. २००७ साली अ‍ॅब्सोल्यूट पोकर नावाच्या ऑनलाईन पत्त्यांच्या खेळात आतल्याच माणसाला दुसऱ्यांचे झाकलेले पत्ते दिसत होते, असे उघड झाले. ते तपासणाऱ्यांनी पकडले नाही. हरलेल्या खेळाडूंनी डावांच्या नोंदी गोळा केल्या, त्यातून ते कळले.

आपल्या महाराष्ट्रातली गोष्ट २०२३ सालची. नागपूरच्या एका व्यापाऱ्याचे ऑनलाईन जुगारात सुमारे ५८ कोटी रुपये गेले. सुरुवातीला तोही जिंकला होता, तेही कोटींत. मग हरतच गेला. खेळाचे ॲपच फसवे होते, असा आरोप झाला. पोलिसांनी गोंदियात खेळवणाऱ्याच्या घराची झडती घेतली. तिथे कोट्यवधी रुपये रोख आणि किलोंनी सोने सापडले. आमच्या विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्यात ९०० रुपये मिळाले, ते आठवा. गळाला लावलेली कणकेची गोळी माशाला फुकटच मिळते.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाईन खेळांचा कायदा केला. पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाईन खेळ त्यात बंद केले आहेत. खेळ नशिबाचा असो की हुशारीचा, रमी असो की चक्री. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही, म्हणून तक्रार करायला भिऊ नये. पण यातून एक गोष्ट निघते. जो खेळ बंदी असताना चोरून चालतो, त्याची चक्री कोण तपासणार?

म्हणून आम्ही त्याला स्पष्ट सांगितले, "बाबा, तुझा खेळ खरा की खोटा, हे मला सांगता येत नाही. तुलाही येणार नाही. खोटा असंल तर पैसे गेले. खरा असला, तरी जातातच. फरक एवढाच, की खऱ्यात हळू जातात."

तो बराच वेळ कागदाकडे बघत बसला. मग आम्ही त्याचे बँकेचे कागद पाहिले. पैसे दर वेळी निराळ्याच माणसाच्या खात्यात गेले होते. एक नाव परराज्यातले, दुसरे भलतीकडचे. कंपनीचे नाव कुठेच नव्हते. अशा वेळी १९३० या नंबरवर ताबडतोब फोन करावा. ऑनलाईन पैशांच्या फसवणुकीसाठी तो सरकारी नंबर आहे. जितका लवकर फोन जाईल, तितके पैसे अडवता येण्याचा संभव जास्त. दोन दिवस गेले, की पैसे चार खात्यांत फिरून निघून जातात. बँकेचा उतारा आणि मोबाईलवरचे संदेश पुसू नयेत. तेच पुरावे.

दुसऱ्या दिवशी तो बायकोला घेऊन आला. ती आपल्या साक्षरता वर्गात येते. तिने कागद मागून घेतला आणि बोट ठेवत वाचला. १००, ९०, ८१... शेवटच्या ४८ वर थांबली. नवऱ्याला म्हणाली, "म्हंजी सोसायटी भरलीच न्हाई?" तो मान खाली घालून बसला. तिनेच १९३० लावला.

नंतर दोघे पोलीस ठाण्यात जाऊन तक्रार देऊन आले. पैसे अजून आलेले नाहीत. सोसायटीचा हप्ता तिने दोन शेळ्या विकून भरला.