चि. निखिलला

चि. निखिल,


परवा कुसुमवहिनींचा फोन आला. त्यांच्या भावजयीचं पित्ताशयाचं ऑपरेशन तुमच्याकडेच झालं, भूल तूच दिलीस. म्हणाल्या, "निखिल आदल्या संध्याकाळी आला, तोंड उघडायला लावलं, सही घेतली आणि गेला." शुद्धीवर येताना बाई घाबरून रडत होत्या. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, हे तूच मला सांगितलं होतंस ना? मग त्यांना रात्रीपासून तहानलेलं का ठेवलं? फार रागावलेय मी.

तुझ्याच नानांचं आतड्याचं ऑपरेशन विसरलास? जाग आल्या आल्या "लघवीला जायचंय" म्हणत पलंगावरून उतरायला निघाले. दोघांनी दंड धरले, तसे आणखी बिथरले. लघवीची नळी घातलेली असेल, लागल्यासारखं वाटेल, पण उठायचं नाही, एवढंही आधी कुणी सांगितलं नव्हतं. चष्मा आणि कानातलं यंत्र तुझ्या आईच्या पिशवीत. ना दिसतंय, ना ऐकू येतंय. म्हातारा माणूस भांबावणार नाही तर काय?

बॉस्टनचे भूलतज्ज्ञ एग्बर्ट यांचं काम तुला ठाऊक असेलच. भूलतज्ज्ञ आधी येऊन बोलून गेला की पेशंट शांत राहतो, झोपेच्या इंजेक्शनाने नुसती गुंगी येते, हे त्यांनी १९६३ सालीच दाखवलं. पुढच्या वर्षी ९७ पेशंटांत पाहिलं: दुखेल कुठे आणि तेव्हा काय करायचं, हे ज्यांना समजावलं त्यांना वेदनाशामक निम्म्याच्या आसपास पुरलं. आणि तू सही घेऊन निघतोस!

मी ऑपरेशन थिएटरला होते तेव्हा "चॉकलेट देते" म्हणून पोरांना आईच्या कडेवरून काढून नेत. भुलीचा मास्क आदल्या दिवशी त्यांच्या हातात खेळायला द्यावा, असं फार वाटे. लिस्ट मोठी, सर घाईत. नवखी मी गप्प राहिले. ते अजून टोचतं रे.

तुझे हाल ठाऊक आहेत मला. झोप नाही, डबा तसाच परत येतो. पण आदल्या संध्याकाळी पाच मिनिटं खुर्ची ओढून बस. घसा खवखवेल, थंडी वाजेल, मी तिथेच असेन, एवढं सांग. लहानपणी टॉन्सिलच्या वेळी तू माझं बोट सोडत नव्हतास.

जेवत जा बाळा. आणि उद्याच्या लिस्टमधल्या माणसांना आज भेटून ये.

तुझी,
आत्या